मनोहरच्या फटफटीले कोणतं तेल पाजायचं?

फटफटी एका जागी उभी ठेवली की तिच्याखाली तेलाचा डाग पडतेच. कोणी सांडवत नाही, थेंब पडताना कोणाले दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी पाहा तं डाग ताटाएवढा! गनीभाईच्या गॅरेजातले किस्से बी असेच जमले. आता लग्नात, बारशात, कुठंबी चार जुने लोक बसले की कोणी तरी म्हणतेच, "पांडूभाऊ, तो एरंडेलाचा सांगा ना जी!" अरे बाबा, एरंडेल मधात येते. त्याच्या आधी जवस हाये, टोरी हाये. सुरुवातीपासून ऐकत असान तं बसा, नाही तं मी जेवायले जातो.

मी पांडू सायकलवाला. बालाघाटात माझं भाड्याच्या सायकलीचं दुकान, आन् त्याले लागून गनीभाई मिस्त्रीचं गॅरेज. मधात एक बांबूच्या तट्ट्याची भिंत, तिले बी भोक पडलेलं. त्या भोकातून पाना इकडे, बिडी तिकडे, आन् गप्पा दोन्हीकडे. साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट असन.

आमच्यातला हिरो म्हणजे मनोहर मेश्राम. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत फिटर. उंचपुरा, बोलायले गोड, कोणाच्या घेण्यात नाही का देण्यात नाही. खाणीतला एक गोरा साहेब विलायतेले परत गेला, तवा जाताना आपली जुनी रेसची फटफटी मनोहरले देऊन गेला. साहेब सुटला, मनोहर अडकला!

कारण त्या फटफटीचं इंजिन रेसचं. म्हणजे काय, तं इंजिनाच्या डोक्यावर दोन वाल असतात. एक हवा आत घेते, एक धूर बाहेर सोडते. त्या वालांच्या स्प्रिंगा साध्या गाडीत झाकणाखाली तेलात मजेत राहतात. ह्या बाईच्या स्प्रिंगा उघड्या! वारा लागून थंड राहाव्या म्हणून म्हणे. विलायतेत वारा असन, आमच्या रस्त्यावर लाल धूळ! गाडी जोरात निघाली की स्प्रिंगा अशा नाचत की डोळ्याले दिसत नसत. वरून हातानं तेल टाकत राह्यलं तं ठीक. नाही तं कोरड्या पडत, तापत, आन् टण्ण! स्प्रिंग तुटली की वाल उघडाच राहे आन् इंजिन मुकं होई.

गनीभाई म्हणे, "मियाँ, इसमें पेट्रोल कम डालो चलेगा. इसकी स्प्रिंग को प्यास लगती है, वो पहले बुझाओ."

तहान बुझण्याच्या आधीच गाडी थांबे. जाताना मनोहर ऐटीत बसून जाई, येताना गाडी बैलगाडीवर झोपून येई. आमच्या मोहल्ल्यातल्या गाडीवानाचे बैल इतके सरावले होते की फटफटीचा आवाज गावाबाहेर गेला की दोघंबी आपोआप उठून जुवापाशी उभे राहत!

* * *

आता रामटेके गुरुजी. सगळा खेळ त्यांच्यापाशी येऊन अटकते, म्हणून त्याइचं आधीच सांगून टाकतो.

गुरुजी आमच्या वॉर्डातल्या शाळेचे हेडमास्तर. पांढरं धोतर, पांढरी टोपी, दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायची सवय. त्यांची पोरगी विमल, मास्तरकीचं ट्रेनिंग करून राह्यली होती. मनोहरले विमल आवडे, विमलले मनोहर आवडे. हे गुरुजी सोडून सगळ्या बालाघाटले माहीत होतं.

एका रविवारी मनोहर, त्याचा काका आन् मी गुरुजीच्या घरी बोलणी करायले निघालो. काका म्हणे पायी जाऊ. मनोहर म्हणे, "पाहुणपणाले पायी? फटफटी नेतो." चौकात स्प्रिंग तुटली! मंग मी मागून, काका बाजूनं, आन् नवरदेव हँडल धरून, असे आम्ही तिघंबी घामाघूम होऊन दारात पोचलो.

गुरुजी ओट्यावर उभे. मनोहर म्हणे, "जयभीम गुरुजी."

"जयभीम. काहून गा मेश्राम, ही तुले घेऊन आली का तू हिले?"

च्या झाला, चिवडा झाला. मंग गुरुजी खाकरले. "हे पाहा जी, मी पत्रिका पाहत नाही. मुहूर्त मानत नाही. देणंघेणं आपल्यात नाही. पोरगा पक्क्या नोकरीत हाये, बिडीले शिवत नाही. सगळं पसंत हाये. पण गाडी मी पाहीन!"

काका घाबरले. "गाडी काहून जी?"

"उद्या माझी पोरगी तिच्यावर बसन. मधात जंगल. तिथं ही बया थांबली तं ढकलन कोण? माझी विमल?"

आतून आवाज आला, "ढकलीन ना जी बाबा!"

"तू गप राय!" गुरुजी आतल्या दिशेनं ओरडले. मंग मनोहरकडे वळून म्हणाले, "भरवेलीहून माझ्या दारापर्यंत ही एकदा सोताच्या दमानं आली पाहिजे. ढकलायची नाही, बैल लावायचे नाही. मी सोता मागे बसून येईन. आली तं पोरगी दिली. नाही तं इकून टाक, मंग ये."

मनोहर खालच्या मानेनं म्हणाला, "गुरुजी, इकीन तं तुम्हीच म्हणसान, आज गाडी सोडली, उद्या पोरीले सोडन."

गुरुजीच्या मिशा हलल्या. हसू आलतं, पण हेडमास्तर होते ना, गिळलं. "शर्त तीच," म्हणे.

* * *

त्या दिवसापासून गॅरेजात एकच चर्चा. स्प्रिंगांले कोणतं तेल पाजायचं? दुकानातलं मशिनीचं तेल टाकून पाह्यलं होतं, ते पाण्यासारखं उडून जाई.

आमचा एक दोस्त होता, लामता गावचा झनकलाल. शेतकरी माणूस. बाजाराच्या दिवशी धान घेऊन आला की बैल सोडून आमच्यापाशी बसे. तो म्हणे, "तेल पाह्यजे? घरचं देतो ना! जवसाचं. आमच्या घरात भाजीत तेच, दिव्यात तेच, अंगाले तेच."

दुसऱ्या बाजारी कासांडी भरून घेऊन आला. आम्ही ते दाबून तेल सोडायच्या कुप्पीत भरलं, स्प्रिंगांवर सोडलं, आन् काय सांगू! फटफटी अशी गेली, अशी गेली, की गनीभाईनं बिडी उलटी पेटवली! गरम इंजिनावर जवसाचं तेल पडलं की फोडणीचा खमंग वास सुटे. रस्त्यावरच्या बाया दारात येऊन विचारत, "आज कोणाच्या घरी वडे हायेत जी?"

हप्ताभर मजा झाली. मंग एक दिवस मनोहरनं किक मारली तं किक खालीच जाईना. गनीभाईनं वाकून पाह्यलं, बोट लावलं, नखानं खरवडलं. स्प्रिंगा पिवळ्याधम्मक, चमकदार, आन् एकमेकीले चिकटून गप्प बसलेल्या!

"अबे, ये तो वार्निश बन गया! तुम लोगोंने स्प्रिंग को पालिश मार दी!"

झनकलालले बोलावलं. त्यानं पाह्यलं आन् अजिबात दचकला नाही. "हौ, जवस असंच वाळते. आम्ही गाडीच्या चाकांले तेच लावतो ना, लाकूड कसं दगडासारखं कडक होते!"

"मंग हे आधी काहून नाही सांगतलं बे?"

"तुम्ही इचारलं, तेल हाये का. मी म्हणलं, हौ. तुम्ही इचारलं कुठं, वाळते का!"

* * *

झनकलाल मनानं लय चांगला. त्याले वाईट वाटलं. पुढच्या खेपेले तो टोरीचं तेल घेऊन आला. टोरी म्हणजे मोहाची बी. "हे वाळत नाही," म्हणे. आम्ही शहाणे झालो होतो, आठ दिवस एका पत्र्यावर लावून पाह्यलं. खरंच वाळलं नाही.

मंग एका थंडीच्या दिवशी सकाळी सकाळी ट्रायलले निघालो. हट्टा गावच्या बावडीपर्यंत जायचं आन् यायचं. मी मागे बसलो, हातात कुप्पी. वाटेत मनोहर म्हणे, "पाज!" मी कुप्पी दाबली. काही नाही. आणखी दाबली. काही नाही! थांबून झाकण काढून पाह्यलं तं तेल तुपासारखं थिजलेलं!

आता काय करायचं? मनोहर म्हणे, "काखेत धर. गरम राहीन." मी सदऱ्याच्या आत काखेत कुप्पी धरली, वरून घोंगडं गुंडाळलं. अशी थंडगार लोखंडी कुप्पी काखेत लागली की माझ्या तोंडून आपोआप "ई ई ई" असा आवाज निघे. थोडं विरघळलं की बाहेर काढायची, दोन थेंब पाजायचे, परत काखेत!

हट्ट्याले पोचलो तं बावडीपाशी एक म्हातारी पाण्याले आलेली. तिनं पाह्यलं की मी घोंगड्यात काही तरी छातीशी धरून बसलोय, मधून मधून आत डोकावून पाहतो, आन् आतून बारीक आवाज येतो. म्हातारी कळवळली. "कितीक महिन्याचं हाये गा? असं थंडीचं फिरवतात का लेकराले? माय कुठं हाये त्याची?"

मनोहर नालायक! डोळे पुसल्यासारखं करून म्हणे, "माय गेली जी विलायतेले."

म्हातारी कुप्पी पाहिल्याशिवाय सोडेना. शेवटी मी घोंगडं उघडलं. तिनं कुप्पीकडे पाह्यलं, माझ्याकडे पाह्यलं, आन् मनोहरले हळूच म्हणे, "ह्याले घरी घेऊन जा बाबू. सांभाळून ने."

* * *

मंग गनीभाईनं आपला हुकमाचा पत्ता काढला. इतके दिवस तो गप होता, कारण त्याले आमची फजिती पाहायची होती. "अरंडी का तेल लाओ. एरंडेल! विलायत के रेसवाले यही डालते हैं. न वाळते, न थिजते, कितना बी तपाओ, चिपका रहता है."

"हे आधी काहून नाही सांगतलं, गनीभाई?"

"तुमने पूछा? तुम तो झनकलाल से पूछ रहे थे!"

तेल आणायची जिम्मेदारी माझ्यावर. मी तेल्याच्या घाणीवर गेलो आन् म्हणलं, "एक पिपा एरंडेल द्या." तेली माझ्याकडे पाहतच राह्यला. लोक चमचाभर नेतात, फार तं वाटीभर! त्यानं हळूच विचारलं, "कधीपासून त्रास हाये, पांडूभाऊ?" मी घाईत होतो, म्हणलं, "लय दिवसापासून. सगळे उपाय करून थकलो."

झालं! दिवस मावळायच्या आत सगळ्या बाजारात बातमी. दुसऱ्या दिवशी सायकल भाड्यानं न्यायले आलेला माणूस बी जाताना सांगे, "सकाळी कोमट पाणी पीत जा." एकानं तं माझ्या सायकलीची सीट खाली करून दिली, म्हणे तुम्हाले ताण पडन!

आन् तिसऱ्या दिवशी सासूबाई गोंदियाहून हजर! हातात ओव्याची पुडी, पिशवीभर लिंबं, आन् डोळ्यात पाणी. "जावईबापू, एवढं काहून लपवलं जी? पोटाचं दुखणं सगळ्याइले असते."

मी सांगतलं, "माय, मले काही झालं नाही. ते तेल फटफटीले पाजतो. तिच्या स्प्रिंगा कोरड्या पडतात."

सासूबाईनं पदर तोंडाले लावला आन् माझ्या बायकोले आतल्या खोलीत नेऊन म्हणाल्या, "डोक्यावर गेलं वो, डोक्यावर!"

* * *

पण एरंडेल लागू पडलं, हे मान्यच करावं लागीन. स्प्रिंगा तुटायच्या कमी झाल्या. तरी पुरत्या थांबल्या नाही, कारण उघड्या स्प्रिंगांवर टाकलेलं तेल राहते किती? अर्धं उडून मागे जाई. मनोहरचे गुडघे, सीट, मागचं कॅरिअर, सगळं तेलानं माखलेलं. त्यात रस्त्याची धूळ आन् इंजिनाची काजळी बसली की असा काळा, चिकट लेप तयार होई की साबण लावा, राख लावा, माती लावा, दोन दिवस हात काळेच!

शाळेत जाणारी पोरं मनोहरची गाडी ढकलायले टपलेली असत. ढकलणं म्हणजे त्यांच्यासाठी जत्रा! आन् मंग शाळेले उशीर. गुरुजीनं बी इलाज शोधला. प्रार्थना झाली की हात पाठीमागे बांधून रांगेसमोर उभे राहत आन् म्हणत, "हात दाखवा!"

सगळे तळवे वर. ज्याचे काळे, तो बाकावर उभा. एक शब्द विचारायची गरज नाही! पोरं म्हणत, "गुरुजी, पाटी पुसली." गुरुजी तळवा नाकापाशी नेत, हुंगत, आन् म्हणत, "तुझ्या पाटीले एरंडेल लावते का रे तुझा बाप?"

एका दिवशी वर्गात पाढे चालू होते. खिडकीतून एरंडेलाचा वास आला, फटफट आवाज आला आन् गेला. गुरुजी मधातच थांबले. "मेश्राम गेला वाटते."

आन् सगळा वर्ग एका सुरात, "येतानी ढकलत येते, गुरुजी!"

विमल शेजारच्या वर्गात ट्रेनिंगचा धडा देऊन राह्यली होती. तिनं पोरांकडे पाठ केली, फळ्यावर काही तरी लिहू लागली, आन् हसता हसता खडूच मोडला. हे मले तिनंच नंतर सांगतलं.

* * *

मंग मलेच एक युक्ती सुचली. गाडी थांबवून तेल पाजलं तं रेसमध्ये कसं जमन? भरवेलीच्या मैदानावर खाणीतली हौशी पोरं दरसाल फटफटीची रेस लावत, आन् मनोहरचं नाव त्यात दिलेलं. तं मी म्हणलं, चालत्या गाडीत पाजू! मी सायकलीवर बाजूनं येईन, लांब चोचीची कुप्पी हातात, आन् नेम धरून पिचकारी सोडीन.

पहिली पिचकारी मनोहरच्या बुटात. दुसरी त्याच्या कानात. तिसरी एका बकरीवर! पण आठवडाभर सराव केला आन् हात बसला. मनोहर गाडी सायकलीच्या चालीवर आणे, मी एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं बरोब्बर स्प्रिंगांवर धार सोडे. गनीभाई रस्त्याच्या कडेले उभा राहून "वाह! वाह!" करे.

असंच चालू होतं तं समोरून पोलिसातले जमादार साहेब सायकलीवर. त्याइनं शिटी मारली. आम्ही थांबलो.

"काय चालू हाये हे?"

"चालत्या गाडीत तेल घालून राह्यलो साहेब."

जमादार विचारात पडले. टोपी काढली, डोकं खाजवलं. "हा गुन्हा हाये?" त्याइनं मलेच विचारलं.

"मले काय माहीत, साहेब?"

"मले बी नाही माहीत," म्हणे. मंग सायकलीवर बसले आन् म्हणाले, "मी पायडल मारतो. माझ्या चेनीत घाल पाहू. कधीची करकर करून राह्यली."

* * *

रेसचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं कमीच हाये. आम्ही हरलो! शेवटचे आलो!

बाकीच्यांच्या गाड्या साध्या, स्प्रिंगा झाकलेल्या, त्या सरळ पळत. आमचा मनोहर प्रत्येक फेरीले वळणावर माझ्यापाशी हळू होई, मी धार सोडे, मंग तो परत सुसाट. जेवढं पुढे जाई, तेवढं तेल प्यायले मागे येई. लोक हसून लोटपोट. एक जण ओरडला, "ए, दूध बी पाज थोडं!"

पण रेस संपली आन् इंजिन चालूच होतं! फट फट फट फट! मनोहरनं मले मिठी मारली, माझा सदरा बी काळा केला. "पांडूभाऊ, रेस गेली तं जाऊ दे चुलीत! गाडी जिंदा हाये! गुरुजी कुठं हायेत?"

गुरुजी मैदानाच्या कडेले उभे. बसनं आलते, खास शर्त तपासायले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरीशुभ्र टोपी, हात पाठीमागे. त्याइनं गाडीच्या चहूबाजूनं एक चक्कर मारला, स्प्रिंगांकडे वाकून पाह्यलं. "हे असंच नाचत राहते का?"

"हौ जी. नाचतात तोवर आपण चालतो."

गनीभाईनं सीटवर आपली नवी लुंगी अंथरली, धोतर खराब होऊ नये म्हणून. गुरुजी बसले. मनोहरचा चेहरा असा झालता, जसं काही काचेचं कपाट पाठीवर घेतलंय.

* * *

तं आता शेवटचं. हे मी एकटाच सांगू शकतो, कारण पाहणारा मी एकटाच होतो.

गुरुजी मागे बसल्याबरोबर म्हणाले, "हळू चालव!" मनोहरनं हळू केली. "आणखी हळू!" आणखी हळू केली. गाडी इतकी हळू झाली की मी सायकलीवर बाजूनं आरामात चाललो, आन् जमन तेव्हा धार सोडत गेलो. गुरुजी एका हातानं टोपी धरून, एका हातानं मनोहरचा सदरा धरून, जीव मुठीत घेऊन बसलेले. पण भरवेली मागे पडली, अर्धा रस्ता झाला, तसे त्यांचे खांदे ढिले पडले.

"मेश्राम, वारा चांगला लागते बुवा!"

"हौ जी."

"थोडी जोरात घेतली तं?"

मले म्हणायचं होतं, नको गुरुजी, नको! पण मनोहरनं जोरात घेतली. भावी सासरा म्हणते, मंग कोण नाही म्हणन? मी मागे पडलो. उभा राहून पायडल मारले तवा कुठं गावाच्या तोंडाशी गाठलं. गुरुजीची टोपी हातात, केस उडालेले, आन् ते हसून राह्यले होते! वीस वर्षांत त्यांचे दात कोणी पाह्यले नव्हते.

मी नेम धरला, कुप्पी दाबली. फुस्स! कुप्पी रिकामी. मैदानावर आन् वाटेत सगळं एरंडेल संपलं होतं.

"मनोहर, हळू घे! तेल नाही!"

आता राह्यलं किती? पुढचं वळण, वळणावर पिंपळ, आन् वळण घेतलं की उतारावर गुरुजीचं घर. घरापुढे सगळा वॉर्ड जमलेला असणार. विमल, तिची माय, मनोहरचा काका, शाळेतली सगळी पोरं. मनोहर स्प्रिंगांकडे पाहत होता, मी स्प्रिंगांकडे पाहत होतो. त्या धुरकटल्या, निळ्या पडल्या.

टण्ण!

गाडी पिंपळाखाली जाऊन उभी राह्यली. सगळं शांत. वरून एक पान पडलं ते बी ऐकू आलं.

मनोहर हँडल धरून तसाच बसला. मागे पाहायची हिम्मत नाही. त्याच्या मानेवरून घाम उतरून राह्यला होता, आन् मले त्याची इतकी कीव आली की माझ्याच डोळ्यात पाणी आलं. वळणापलीकडून पोरांचा गलका ऐकू येत होता. घर एवढं जवळ!

गुरुजी बी तसेच बसलेले. त्याइनं पुढे पाह्यलं. मागे पाह्यलं. माझ्याकडे पाह्यलं, असं पाह्यलं की मी लगेच पिंपळाकडे पाहू लागलो.

मंग ते उतरले. धोतराचा सोगा वर खोचला.

"गुरुजी," मनोहर रडवेला झाला, "गुरुजी, मी..."

"तू गप राय. हँडल सरळ धर!"

आन् साठीच्या घरातला तो हेडमास्तर मागचं कॅरिअर धरून वाकला आन् अशी गाडी ढकलली, अशी ढकलली, की बैलांनी तोंडात बोट घालावं! वळणापर्यंत आले, उतार लागला, गाडीनं वेग धरला, तशी गुरुजीनं उडी मारली आन् मागे बसले. सोगा खाली सोडला, टोपी डोक्यावर घातली, दाबून नीट केली. गाडी डौलात घरंगळत गेली आन् दारासमोर जाऊन उभी राह्यली. मी मागून सायकलीवर.

पोरांनी एकच कल्ला केला. विमलची माय ओट्यावरून म्हणे, "आवाज कसा नाही आला जी गाडीचा?"

गुरुजी सावकाश उतरले. हात पाठीमागे बांधले. "घरापाशी आल्यावर इंजिन बंद करतात. तेवढी अक्कल हाये जावयाले."

जावई! मनोहरच्या काकानं मले उचललंच! गनीभाई मागून बसनं येऊन पोचला होता, त्यानं बिडीचं अख्खं बंडल हवेत उडवलं. पोरं ओरडून राह्यली, "गुरुजी, ढकलली नाही? खरंच ढकलली नाही?"

"कोण म्हणते ढकलली?" गुरुजी गरजले. "मी सोता मागे बसलो होतो! भरवेलीपासून! मी खोटं बोलीन?"



विमल पाण्याचा गडवा घेऊन पायरीवर उभी होती. तिनं मनोहरकडे पाह्यलं नाही. ती बापाच्या पांढऱ्या टोपीकडे पाहून राह्यली होती. मंग ती एक पायरी खाली उतरली, आन् शाळेतल्या सारखं खणखणीत म्हणाली,

"बाबा, हात दाखवा!"